दम्यावर झाडपाला चालतो का? ‘मा हुआंग’पासून अडुळशापर्यंत, विज्ञान काय सांगतं?

राजूर (ता. वणी) : राजूर म्हटलं की कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्या आठवतात. धूळ आणि धूर दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढवतात. त्यामुळे ‘झाडपाल्याने दमा कायमचा बरा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला की तो लगेच फॉरवर्ड होतो. त्यात तथ्य किती? जाणून घेऊया.

दम्यात नेमकं काय होतं?
श्वासनलिकांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. म्हणजे नळी मोकळी करणं आणि सूज उतरवणं, अशी दोन कामं औषधाला करावी लागतात.

चिनी वनस्पतींचा संबंध काय?
‘मा हुआंग’ ही वनस्पती चीनमध्ये शतकानुशतकं दम-खोकल्यासाठी वापरली जाते. १८८५ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी तिच्यातून एफेड्रिन वेगळं केलं. पुढे ते दम्याचं औषध म्हणून जगभर गेलं. मात्र, त्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढतो. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रिनयुक्त पूरक उत्पादनांवर बंदी घातली.

नवं संशोधन काय?
कुशेन, लिंगझी आणि आपलं ज्येष्ठमध यांच्या मिश्रणाची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ९१ प्रौढ रुग्णांवर चार आठवडे स्टेरॉइडच्या गोळीशी तुलना झाली. दोन्ही गटांत फुप्फुसांची क्षमता सुधारली. गोळीचा फायदा किंचित जास्त होता. निकाल आशादायक, पण रुग्ण कमी आणि काळ थोडा. त्यामुळे हा इनहेलरला पर्याय ठरत नाही.

आणि आपला अडुळसा?
अडुळशातील व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन तयार झालं. खोकल्याच्या सिरपमधलं ॲम्ब्रॉक्सॉलही त्याच कुळातलं. ही औषधं कफ पातळ करतात. पण दम्यातली सूज उतरवत नाहीत.

मग काय करायचं?
• बरं वाटलं म्हणून इनहेलर स्वतःहून बंद करू नका.
• धुळीत काम करणाऱ्यांना दम लागतो, तो प्रत्येक वेळी दमाच असतो असं नाही. स्पायरोमेट्री तपासणी करून घ्या.
• लेबल नसलेल्या पुड्या टाळा. अशा औषधांत स्टेरॉइडची भेसळ अनेकदा आढळली आहे.
• काढा घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा.
• बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर पडले, तर काढा उकळत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.