जनावरांची सूक्ष्म खनिजे : उणीव ओळखून पुरवठा

गाय दिसायला धडधाकट असते, चाऱ्याचीही ददात नसते. तरी कालवड वेळेवर माजावर येत नाही किंवा वारंवार रेतन करूनही गाय उलटते. अशा वेळी गर्भाशयाच्या विकारांबरोबरच आहारातील सूक्ष्म खनिजांच्या उणिवेचाही विचार करावा लागतो. भाकड काळ लांबला की दूध नसताना जनावर पोसण्याचा भार पशुपालकावर पडतो.

तांबे, जस्त, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन व सेलेनियम ही खनिजे अत्यल्प प्रमाणात लागतात. परंतु त्यांच्यावाचून शरीरातील अनेक क्रिया अडतात. जस्ताच्या अभावी त्वचा खरबरीत होते व खूर कमकुवत बनतात. तांबे कमी पडल्यास केसांचा रंग उतरतो, रक्तक्षय होतो आणि प्रजनन मंदावते. कोबाल्टपासून कोटीपोटातील सूक्ष्मजीव बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात. एक किलो शुष्क चाऱ्यात जस्त ३० किंवा तांबे ८ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो चारा त्या खनिजाच्या दृष्टीने अपुरा मानला जातो.

ही उणीव मुळात मातीतून चाऱ्यात व चाऱ्यातून जनावरात उतरते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्था १९९५ मध्ये बेंगळुरू येथे स्थापन झाली. या संस्थेने माती, चारा व जनावरे यांतील खनिजांची सांगड घालून ‘क्षेत्रनिहाय खनिज मिश्रण’ या संकल्पनेवर काम केले. ज्या भागात जे खनिज कमी, तेच मिश्रणातून पुरवावे, हे तिचे सूत्र होय.

या सूत्रामागे शास्त्रीय कारण आहे. चाऱ्यात लोह बहुधा गरजेपेक्षा अधिक असते. त्यात आणखी भर घातल्यास तांब्याच्या शोषणात अडथळा येतो. मॉलिब्डेनम व गंधक जास्त असल्यास कोटीपोटात त्यांचा तांब्याशी संयोग होतो आणि आहारात असलेले तांबेही जनावराच्या उपयोगी पडत नाही. म्हणजेच अनावश्यक खनिज केवळ वाया जात नाही, ते दुसऱ्याची उणीव निर्माण करते.

महाराष्ट्रासाठी बेंगळुरू परिसरातील मिश्रण जसेच्या तसे उचलणे म्हणूनच योग्य नाही. तेथे तांबडी माती व नाचणीचे काड, तर येथे दख्खनच्या पठारावर काळी, चुनखडीयुक्त जमीन व ज्वारीचा कडबा. अशा विम्लधर्मी जमिनीत जस्त पिकाला कमी उपलब्ध होते, तर मॉलिब्डेनम अधिक. ऊसपट्ट्यात सतत वाढे खाऊ घातल्यास त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते.

पशुपालकाने माती व चाऱ्याची तपासणी करून घ्यावी. कडब्यासोबत लसूणघास, शेवरी, सुबाभूळ यांसारखा द्विदल चारा मर्यादित प्रमाणात द्यावा. आपल्या भागासाठी शिफारस केलेले खनिज मिश्रण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, ठरलेल्या मात्रेत रोज खुराकातून द्यावे. जनावर आजारी पडल्यावर चार दिवस देऊन थांबू नये. गाईंचे मिश्रण मेंढ्यांना मात्र देऊ नये, कारण गाईला मानवणारे तांब्याचे प्रमाण मेंढीला विषारी ठरू शकते.