व्हिएन्नाची निवांत न्याहारी

व्हिएन्नातल्या एखाद्या गल्लीतल्या कॅफेत ‘वीनर फ्रूस्टुक’, म्हणजे तिथली नेहमीची न्याहारी मागवली, तर मिसळीवर वाढलेल्या माणसाला ती फारच थोडी वाटेल. कडक कवचाचा, वर पाच पाकळ्यांची खूण असलेला झेमेल नावाचा पाव, लोणी, जर्दाळूचा जॅम, मऊ उकडलेलं अंडं आणि मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी. भूक जास्त असेल तर सोललेली दोन मऊ अंडी काचेच्या पेल्यातही मिळतात. कॉफीबरोबर छोट्या ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास येतोच, बहुधा त्यावर चमचा पालथा ठेवलेला. मेलांजचा कप रिकामा झाला, तरी कुणी उठायला सांगत नाही. या न्याहारीची खरी गोडी मला इथेच वाटते.

ही मुभा आली कुठून, याचं उत्तर तिथल्या जुन्या घरांत सापडतं. १९१० मध्ये शहराची लोकसंख्या २० लाखांवर गेली होती आणि राहायला जागा पुरत नव्हती. गरीब कामगार तर खोलीही नाही, ठरावीक तासांपुरती नुसती खाट भाड्याने घेत. त्यांना कॅफे परवडणारं नव्हतं. पण थंडगार, कोंदट खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि लेखकांना एका कॉफीच्या पैशांत उबदार बैठक, उजेड आणि वाचायला वर्तमानपत्रं मिळत. पेटर आल्टेनबर्ग या लेखकाने तर आपला पत्ता म्हणून ‘कॅफे सेंट्राल’चंच नाव दिलं होतं. आजही जुन्या कॅफेंत वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांत अडकवून ठेवलेली दिसतात.

यातल्या ‘डी प्रेस’ या वर्तमानपत्राची आणि न्याहारीची एक सुंदर गाठ आहे. आउगुस्ट त्सांग हा ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातला माजी अधिकारी. १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि चंद्रकोरीच्या आकाराचं किप्फेर्ल पॅरिसकरांच्या जिभेवर बसवलं. पुढे फ्रेंच बेकरांनी त्याला लोण्याचे पदर दिले आणि आज पुण्या-मुंबईच्या कॅफेंत मिळणारं क्रोसाँ घडलं. त्सांग मायदेशी परतला आणि १८४८ मध्ये त्याने ‘डी प्रेस’ सुरू केलं.

या कॅफेंतल्या खुर्च्यांचंही नातं आपल्यापर्यंत पोचतं. वाफेने वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची ती हलकी खुर्ची टोनेट कारखान्याने १८५९ मध्ये बाजारात आणली. आपल्या इराणी हॉटेलांतल्या संगमरवरी टेबलांभोवतीच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या.

हे सगळं अखंड टिकलं, असं मात्र नाही. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर ज्यू मालकांची कॅफे हिसकावली गेली, आणि ज्यांच्यामुळे तिथली टेबलं गजबजत असे कितीतरी लोक परागंदा झाले किंवा मारले गेले. ती पोकळी पुन्हा भरली नाही. १९५०च्या दशकात झटपट एस्प्रेसो देणाऱ्या दुकानांनीही अनेक जुनी कॅफे बंद पाडली. जी उरली, त्यांच्या संस्कृतीची नोंद २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाली. यादीत नाव आलं म्हणून कॅफे जगत नाही. ते जगतं रोज सकाळी तिथे येऊन बसणाऱ्या शेजाऱ्यांमुळे.

म्हणून व्हिएन्नाला गेलात तर प्रसिद्ध कॅफेंच्या दारातल्या पर्यटकांच्या रांगेत सकाळ घालवू नका. मुक्कामाच्या जवळचं, स्थानिक माणसं पेपर वाचत बसलेली दिसतील असं एखादं कॅफे शोधा. वेटरला ‘हेर ओबर’ अशी हाक मारा, छोटी न्याहारी मागवा आणि घाई करू नका. बिल तुम्ही मागाल तेव्हाच येईल.