जुनी मर्सिडीज घेण्याआधी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांत जुन्या मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. पासिंग एमएच २८ असेलच असं नाही. गाडी पुण्या-मुंबईची असते, कधी दिल्ली-हरियाणाकडची. दहा-बारा लाखांत नवी मध्यम गाडी घ्यायची, की तेवढ्याच पैशात कोणीतरी आठ-दहा वर्षं वापरलेली ई-क्लास, असा प्रश्न जिनिंगवाल्याला पडतो, कंत्राटदारालाही पडतो आणि नव्याने दवाखाना काढलेल्या डॉक्टरलाही. त्यात वावगं काही नाही. नीट पारखून घेतलेली जुनी आलिशान गाडी मजबूत असते आणि सुरक्षितही असते. पण ती घेताना गावोगाव जो सल्ला मिळतो, त्यातला बराचसा दहा वर्षं जुन्या बोलेरो-स्विफ्टच्या अनुभवावर बेतलेला असतो. इथे तो उपयोगी पडत नाही.

शेजारच्या औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण या गप्पांत हमखास निघतं. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. मात्र त्या गाड्या कोऱ्या होत्या, त्यांना कंपनीची वॉरंटी होती आणि दीडशे जणांनी मिळून कंपनीशी आणि बँकेशी घासाघीस केली होती. जुनी गाडी घेणारा माणूस एकटा असतो, त्याच्या पाठीशी वॉरंटी नसते. गटाच्या ताकदीने जे संरक्षण त्यांना मिळालं, ते याला स्वतःच्या तपासणीतून मिळवावं लागतं.

"किंमत उतरली, म्हणजे गाडी आवाक्यात आली"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा आहे. समजा, एखादी गाडी नवी असताना ६० लाखांची होती आणि आज १० लाखांना मिळते आहे. उतरली ती गाडीची किंमत. तिच्या हेडलाइटची, गिअरबॉक्सची, ब्रेक डिस्कची, सेन्सरची किंमत उतरलेली नाही. ते भाग आजही ६० लाखांच्या गाडीचेच आहेत आणि त्याच दराने मिळतात. हवेवर चालणारं सस्पेन्शन असलेल्या गाडीत एका बाजूचा हवेचा फुगा गळायला लागला, की कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी तोही जातो. म्हणजे एका बिघाडातून दुसरा उभा राहतो. म्हणून अशी गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवून सकाळी सुरू करण्याआधी पाहावी. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, तर दुरुस्तीचा अंदाज हाती आल्याशिवाय भाव बोलू नये.

आपल्या जिल्ह्यासाठी यात आणखी एक खर्च मिळवावा लागतो, तो अंतराचा. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी यांपैकी कोणाचंही अधिकृत वर्कशॉप बुलढाणा जिल्ह्यात नाही. बहुतेकांना छत्रपती संभाजीनगर नाहीतर नागपूर गाठावं लागतं. बुलढाण्याहून संभाजीनगरच दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी रस्त्यात बंद पडली तर ती फ्लॅटबेडवर चढवून न्यावी लागते, कारण बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या दोर बांधून लांब ओढता येत नाहीत, त्यात गिअरबॉक्स खराब होतो. माझं स्पष्ट मत आहे की सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. खरेदीच्या रकमेचा पाचवा हिस्सा तरी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसेल, तर एक पायरी खालची गाडी पाहावी.

"कमी चाललेली गाडी ती चांगली"

नऊ वर्षांत २५ हजार किलोमीटर हा आकडा ऐकायला गोड वाटतो. तो खरा असेल तर गाडी बहुतेक काळ उभीच होती. उभ्या गाडीचे रबरी सील वाळतात, बॅटरी मरते, टायर जागच्या जागी कडक होतात आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. महामार्गावर नियमित धावलेली, वेळेवर ऑइल बदललेली ८० हजारांची गाडी तिच्याहून सरस असू शकते.

आणि आकडा खोटा असेल तर? मीटर मागे फिरवणं आता लॅपटॉपवरचं काम झालं आहे. पण आलिशान गाडीत किलोमीटरची नोंद फक्त डॅशबोर्डवर नसते. अनेक मॉडेल्समध्ये ती आणखी काही कंट्रोल युनिटमध्येही राहते, बीएमडब्ल्यूच्या चावीतसुद्धा असते. अधिकृत वर्कशॉपच्या स्कॅनरवर या नोंदी समोरासमोर ठेवता येतात. शिक्के मारलेलं सर्व्हिस बुक छापून घेता येतं, म्हणून त्यावर विसंबू नये. १७ अक्षरी चॅसिस नंबर घेऊन, विकणाऱ्याच्या संमतीने, कंपनीच्या डीलरकडून संगणकातला सर्व्हिसचा इतिहास मागवावा. त्यातल्या तारखा आणि किलोमीटर चढत्या क्रमाने जातात का, हे पाहायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. आधी मात्र हा नंबर आरसीवर, काचेच्या कोपऱ्यात, दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर आणि बॉडीवर कोरलेला असा सगळीकडे एकच आहे ना, हे बघून घ्यावं.

याच नंबरवरून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे रिकॉल. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यात जर्मन गाड्याही होत्या. तो दोष वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बळावतो. रिकॉलचं काम कंपनी फुकट करून देते, पण आधीच्या मालकाने ते करून घेतलं की नाही, हे विचारावं लागतं.

"आपला मेकॅनिक बघून सांगेल"

आपल्या गावचा मेकॅनिक हुशार असतो, प्रामाणिकही असतो. इंजिनाचा आवाज, ऑइलची गळती, चॅसिसचा वाक हे त्याच्याइतकं चटकन कोणी ओळखत नाही. त्याला सोबत जरूर न्यावं. पण या गाड्यांत लहान-मोठी कितीतरी कंट्रोल युनिट असतात, आणि बाजारात मिळणारा साधा स्कॅनर मुख्यतः इंजिनाचे दोष वाचतो. एअरबॅग, एबीएस, सस्पेन्शन, गिअरबॉक्स यांच्या नोंदी त्या कंपनीच्या किंवा तोडीच्या स्कॅनरवरच पूर्ण दिसतात. शिवाय विकणारा सौद्याच्या आदल्या दिवशी दोषांची नोंद पुसून टाकू शकतो. तसं केलं की गाडीच्या अंतर्गत चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. स्कॅन करणाऱ्याला तेवढंच विचारा की सगळ्या चाचण्या पूर्ण दिसतात का. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी तो लपवलेला असू शकतो.

बैलबाजारात दात पाहिल्याशिवाय आणि चालवून पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र लोक फोटोवर टोकन पाठवतात. खरेदीपूर्व तपासणीला काही हजार रुपये लागतात. विकणारा त्याला नकार देत असेल, तर त्या नकारातच बरंच काही कळतं.

चाचणीसाठी आपल्या जिल्ह्याइतकी चांगली जागा कुठे शोधायची? गाडी सकाळच्या गारव्यात, गावात दोन फेऱ्या मारून पाहू नका. उन्हाळ्यातली दुपार निवडा. मलकापूर-नांदुऱ्याच्या पूर्णाकाठच्या उन्हात अर्धा तास एसी लावून उभी ठेवा आणि इंजिनाचं तापमान पाहत राहा. या इंजिनांच्या कूलिंगमध्ये प्लास्टिकचे बरेच भाग असतात आणि उष्णतेने तेच आधी तडकतात. मग मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला या. चढावर गिअर धक्का देत बदलतो का, दोन गिअरमध्ये घुटमळतो का, उतरताना ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, हे त्या वळणांवर उघडं पडतं. त्यानंतर मेहकर किंवा सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर चढा. तिथे कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० आहे. त्या मर्यादेत गाडी सरळ राहते का आणि हवेचा शिट्टीसारखा आवाज येतो का, ते कळेल. दरवाजा बदललेला किंवा नीट न बसलेला असला तर हा आवाज येतो.

समृद्धीवर चढण्याआधी टायरची जन्मतारीख वाचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर आतून कडक झालेलं असतं. काँक्रीटच्या तापलेल्या रस्त्यावर, सलग वेगात, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. यातल्या अनेक गाड्यांचे टायर रन-फ्लॅट असतात आणि डिकीत स्टेपनीच नसते. लोणारच्या पुढे रात्री टायर कापला गेला तर काय करायचं, याचा विचार आधी करावा.

यंत्राबद्दलचे आणखी दोन समज थोडक्यात. "ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं" असं विक्रेते सांगतात. पण बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वारसाठी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. दुसरा समज, "डिझेल म्हणजे बिनधास्त". १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सार्वत्रिक झाला. ही काजळी जळून जायला सलग हायवेवर गाडी पळावी लागते. खामगावच्या बाजारपेठेत घर ते दुकान एवढीच फिरणारी गाडी तो फिल्टर तुंबवते. फिल्टर काढून टाकणारे भेटतील, पण ते बेकायदा आहे. रोजचा वापर गावापुरता असेल तर पेट्रोल पाहावी.

"दिल्लीची गाडी दोन-तीन लाखांनी स्वस्त पडते"

स्वस्त असण्याला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे या नियमांत बदल होत राहिले, पण त्या धास्तीने तिथले मालक गाड्या लवकर काढून टाकतात. ती गाडी इथे आणायची तर मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, हवं. ते खरं आहे की नाही, हे बुलढाण्याच्या आरटीओत आधी विचारून घ्यावं. मग महाराष्ट्राचा कर. २० लाखांवरच्या गाडीला एकरकमी कराचा दर पेट्रोलसाठी १३ आणि डिझेलसाठी १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो, पण हिशेब मूळ किमतीवर होतो, तुम्ही मोजलेल्या दहा लाखांवर नाही. वाचलेले पैसे तिथेच संपू शकतात.

दुसरी भीती पुराची. मुंबई २००५, चेन्नई २०१५, दिल्ली २०२३ अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या पुसून-घासून लांबच्या बाजारात जातात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत धरते आणि भंगार म्हणून लिलावात काढते. तीच पुन्हा रस्त्यावर आलेली असू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आत गाळाची रेष राहते. गालिचा उचला, सीटच्या पट्ट्यांखालचा गंज पाहा. अनेक आलिशान गाड्यांची कंट्रोल युनिट सीटखाली, जमिनीलगत असतात. पाणी तिथवर आलं असेल तर बिघाड महिन्यांनी, एकेक करून बाहेर पडतात.

"टीटी फॉर्मवर सही घेतली, नाव नंतर चढवू"

हा समज धोक्याचा आहे, आणि तो विकणाऱ्याला जितका नडतो तितकाच घेणाऱ्याला. मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत (गाडी परराज्यातली असेल तर ४५ दिवसांत) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजेच टीटी फॉर्म, त्यासाठीच आहेत. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावरच येते, मधे गाडी कितीही हात फिरली असली तरी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी कंपनीच्या नावावर असेल, आणि आलिशान गाड्या पुष्कळदा असतात, तर सही करणाऱ्याकडे कंपनीचं अधिकारपत्र मागा. एमपरिवहनवर बोजा, विमा, पीयूसी पाहता येतात. ई-चलान वेगळं तपासा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का, तेही पाहा.

विम्याबद्दलही असाच घोळ असतो. आरसी बदलली म्हणून आधीचा विमा सगळाच्या सगळा आपला होत नाही. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, नाहीतर मोठ्या दुरुस्तीच्या वेळी दावा अडतो. नो क्लेम बोनस तर विकणाऱ्याचाच राहतो.

"आता जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दहा लाखांवर एक लाख ऐंशी हजार" हे २०२५ पासून अनेकजण सांगतात. ते खरं नाही. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या फक्त नफ्यावर लागतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपली गाडी विकली तर तो लागतच नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या नव्या गाड्यांवरचा कर सेससह ५० टक्क्यांपर्यंत होता तो ४० वर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तर जुन्या गाडीचा भावही त्या नव्या किमतीशी ताडूनच ठरवायला हवा. डीलर जुना दर दाखवत असेल तर त्याला हे सांगा.

आणि पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला प्राप्तिकर कायद्यानुसार तेवढाच दंड होऊ शकतो. तुमच्यासाठी बँकेची नोंद हाच व्यवहाराचा पुरावा असतो. सौदा पावतीवर किंमत, चॅसिस नंबर आणि किलोमीटर लिहा, गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळही लिहा, दोघांनी सही करा. काही रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवायची असं ठरलं असेल, तर तेही त्याच कागदावर यायला हवं.