मालकी कोणाची आणि कोणत्या नात्याने?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील खासगी बाजार या पेठेच्या नावात मराठा राज्यव्यवस्थेतील एक संज्ञा आजही टिकून आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या सैन्याचा तळ कायम केला आणि त्या छावणीतूनच लष्कर हे शहर वाढत गेले, तेव्हा मराठा राजघराण्यांच्या कारभारात राज्याचा पैसा आणि घराण्याचा पैसा यांचे हिशेब वेगळे ठेवण्याची पद्धत रूढ झालेली होती. राज्याच्या वसुलाला दौलत म्हणत, तर राजकुटुंबाच्या स्वतःच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या उत्पन्नाला खासगी म्हणत. दोन्हींवर अधिकार चालवणारी व्यक्ती अनेकदा एकच असली, तरी ती एका मिळकतीकडे राज्यकर्ती म्हणून आणि दुसरीकडे घरधनी म्हणून पाहत असे. एखादी वस्तू कोणाच्या हाती आहे, एवढे कळून मालकीचा उलगडा होत नाही. ती त्याच्या हाती कोणत्या नात्याने आली, हे कळावे लागते, आणि मालमत्तेच्या कायद्यातील बहुतेक वाद याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

कायद्याच्या दृष्टीने मालकी हा अनेक हक्कांचा समुच्चय आहे. वस्तू ताब्यात ठेवणे, तिचा उपभोग घेणे, तिचे उत्पन्न घेणे, इतरांना तिच्यापासून दूर ठेवणे आणि ती विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे किंवा मृत्युपत्राने मागे ठेवणे, हे सारे हक्क त्यात येतात. हे हक्क एकाच माणसाकडे असलेच पाहिजेत असे नाही. भाडेकरूकडे ताबा व उपभोग असतो, पण विकण्याचा हक्क नसतो; घर गहाण ठेवणारा मालकच राहतो, मात्र कर्ज फिटेपर्यंत सावकाराचा हक्क त्या घरावर बसलेला असतो; विश्वस्ताच्या नावावर मिळकत असते, परंतु तिचा लाभ दुसऱ्यांसाठी राखलेला असतो.

यातील शेवटचा प्रकार समजण्यासाठी इंदूरच्या होळकरांच्या खासगीसारखे दुसरे उदाहरण नाही. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र खासगी जहागीर दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली आणि देशभरातील देवळे, घाट व धर्मशाळा यांवरील त्यांचा खर्च या उत्पन्नाशी जोडला गेला. १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने एकत्र येऊन मध्य भारत संघ स्थापन झाला, तेव्हा राजांच्या वैयक्तिक मालमत्ता आणि राज्याच्या मालमत्ता यांची फारकत करणे भाग पडले. त्या व्यवस्थेत होळकरांची खासगी सरकारजमा झाली आणि तिच्या मोबदल्यात धर्मादाय कामांसाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायमचे देण्याचे सरकारने मान्य केले. या कामांसाठी १९६२ मध्ये न्यास स्थापन झाला.

या न्यासाने काही मिळकती विकल्यावर वाद उभा राहिला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्या मिळकती राज्य सरकारच्या ठरवल्या. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मादाय मिळकती न्यासाकडेच असल्याचे मान्य केले, पण हा सार्वजनिक न्यास असल्याने त्याची १९५१ च्या राज्य कायद्याखाली नोंदणी झाली पाहिजे आणि निबंधकाच्या पूर्वपरवानगीवाचून त्याला स्थावर मिळकत विकता येणार नाही, असा निर्णय दिला. अडीचशेहून अधिक वर्षांच्या या प्रवासात तीच मिळकत आधी घराण्याची, मग धर्मकार्याची आणि अखेर समाजाच्या देखरेखीखालची मानली गेली.

राजघराण्यांच्या वैयक्तिक मालमत्तेविषयीही असाच पेच पडला, कारण गादी एकाच वारसाला मिळत असली, तरी वाडा आणि दागिने त्याच रीतीने एकट्याकडे जातात काय, हा प्रश्न उरत होता. रामपूरच्या नवाबांच्या मालमत्तेविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले की, गादीच्या वारशाचा नियम वैयक्तिक मालमत्तेला लागू होत नाही आणि तिची वाटणी त्या कुटुंबाच्या वैयक्तिक कायद्यानेच झाली पाहिजे.

सर्वसामान्य कुटुंबाच्या दृष्टीने स्वकष्टार्जित आणि वडिलोपार्जित हा भेद सर्वांत मोलाचा आहे. स्वतःच्या कमाईतून घेतलेली मिळकत मालक हवी त्याला देऊ शकतो. अविभक्त हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मात्र सहदायाद म्हणजे जन्मानेच हिस्सा मिळणारे सदस्य असतात, आणि कर्ता हा त्या मिळकतीचा एकटा मालक नसून व्यवस्थापक असतो. हा विचार कल्याणीच्या चालुक्य दरबारातील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या धर्मशास्त्रावरील ग्रंथातून आला. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेलेले कुटुंब, त्याने तो सोडल्याचे सिद्ध न झाल्यास, आपला मूळ वैयक्तिक कायदा बरोबर नेते, असे न्यायालयांनी मानले आहे. त्यामुळे मिताक्षरा कायद्याचा बनारस संप्रदाय प्रचलित असलेल्या उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांना महाराष्ट्रातील नियमांचा आधार घेता येई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वारशाचे नियम बव्हंशी एकसारखे केले आणि स्त्रीच्या हाती आलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरवली. २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही जन्मतः सहदायाद मानले आणि त्यासाठी वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र पूर्वजांकडून आलेली प्रत्येक मिळकत या अर्थाने वडिलोपार्जित नसते: वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता १९५६ च्या कायद्याप्रमाणे मुलाला वारसाहक्काने मिळाली, तर ती त्याची स्वतंत्र मालमत्ता होते, हे तत्त्व १९८६ पासून प्रस्थापित आहे.

ग्वाल्हेर संस्थानात देवळांच्या पूजेअर्चेसाठी माफीच्या, म्हणजे सारा माफ केलेल्या, जमिनी दिल्या जात. अशा जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न आजही निघतो. भारतीय कायदा देवतेला कायदेशीर व्यक्ती मानतो, म्हणजे तिच्या नावे मिळकत असू शकते आणि तिच्या वतीने दावा चालू शकतो. ग्वाल्हेर संस्थानच्या माफीविषयक नियमांचा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितले की, मालकीच्या रकान्यात देवतेचेच नाव असावे. पुजारी कितीही पिढ्या जमीन वाहत असला, तरी तो व्यवस्था पाहणाराच असतो. सेवेसाठी मिळालेला ताबा सेवेपुरताच असतो, आणि तो पिढ्यानपिढ्या चालला म्हणून आपोआप मालकीत बदलत नाही.

सरकारी दप्तरातील नोंदींविषयीचा गैरसमजही येथेच दूर व्हायला हवा. महाराष्ट्रातील फेरफार किंवा मध्य प्रदेशातील नामांतरण या नोंदी प्रामुख्याने सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी असतात. त्यांमुळे मालकी निर्माण होत नाही, तसेच नोंद राहून गेली म्हणून मालकी नष्टही होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, आणि केवळ मुखत्यारपत्र व साठेखत यांच्या आधारे झालेला व्यवहार मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. सामाईक मिळकतीत वाटणी होईपर्यंत कोणत्याही भागावर कोणा एकाचा स्वतंत्र हक्क नसतो. सहमालक आपला अविभक्त हिस्सा देऊ शकतो, पण ‘पूर्वेकडची खोली माझी’ असे म्हणून ती विकू शकत नाही.

म्हणून जुन्या वाड्याचा सौदा असो वा भावंडांतील वाटणी, पहिला शोध मूळ कागदाचा घ्यावा. ती मिळकत सनदेने आली की खरेदीने, वारशाने आली की वाटणीने, स्वतःसाठी मिळाली की देवासाठी, हे त्यातून कळते, आणि विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे की नाही, हेही त्यावरूनच ठरते. मालमत्तेचा हक्क १९७९ पासून मूलभूत हक्क राहिलेला नाही, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, अशी हमी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० अ मध्ये आहे. या हमीचा आधार घेण्यासाठी मात्र आपला हक्क कोणत्या प्रकारचा आहे, हे नागरिकाला दाखवून द्यावे लागते. ज्या कुटुंबात हे ज्ञान फक्त कर्त्या पुरुषापाशी राहते, तेथे मुलींचे, विधवांचे आणि दूर राहणाऱ्या भावंडांचे हिस्से सर्वांत आधी बुडतात. घरातील प्रत्येक प्रौढ माणसाला मिळकतीचे कागद वाचता येणे, हा न्याय्य वाटणीचा पाया आहे.