दुकानाची वेळ आणि वर्गाची वेळ

पदवीच्या प्रथम वर्षाचे प्रवेश आता बहुतेक पूर्ण होत आले आहेत. पनवेलच्या कापड बाजारापासून टपाल नाक्यापर्यंत आपल्या समाजातील कित्येक घरांत या दिवसांत पेढे वाटले गेले असतील. कुणाला नवीन पनवेलच्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयात प्रवेश मिळाला असेल, कुणाला रयत शिक्षण संस्थेच्या महात्मा फुले महाविद्यालयात. कुणी अभियांत्रिकीकडे वळले असेल, कुणी हार्बर मार्गाच्या गाडीने रोज मुंबई गाठणार असेल, तर कुणी पुण्याच्या वसतिगृहासाठी सामान बांधत असेल. या सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींचे मनःपूर्वक अभिनंदन.

अभिनंदनाबरोबर एक प्रश्नही विचारावासा वाटतो. प्रवेश तर झाला. पण वर्गात बसणार कोण?

हा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, आपल्या व्यापारी घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते : "कॉलेजात नाव घातले आहे, परीक्षेपुरता जाईल, बाकी वेळ दुकानावर बसेल." हे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मुलाला धंद्याचे वळण लवकर लागावे आणि पदवीही पदरात पडावी, एवढीच त्यांची इच्छा असते. वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर सारे अवलंबून होते, तेव्हा हे काही प्रमाणात निभावूनही जात असे. आता ते निभावणार नाही, आणि ज्यांचे निभावले त्यांचेही नुकसान झालेच. ते कसे, हे प्रथम पाहू.

नव्या व्यवस्थेचा हिशेब

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम सुरू झाले आहेत. या व्यवस्थेचे चलन म्हणजे श्रेयांक, ज्याला विद्यार्थी 'क्रेडिट' म्हणतात. वर्गातील १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक श्रेयांक, असा हा सर्वसाधारण हिशेब आहे. वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक मिळवायचे असतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. ही जमा 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मधील विद्यार्थ्याच्या खात्यात नोंदली जाते. महाविद्यालय बदलले किंवा शिक्षणात काही काळ खंड पडला, तरी ती जमा त्याच्या नावावर राहते. बँकेच्या खात्याप्रमाणे हे खातेही पहिल्याच महिन्यात उघडून घ्यावे आणि त्यातील नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते की नाही ते तपासावे.

आता थोडे गणित मांडू. एका सत्रात २२ श्रेयांक धरले तर निव्वळ तासिकांचे ३३० तास होतात. सत्र साधारण १५ आठवड्यांचे असते, म्हणजे आठवड्याला २२ तास. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सरासरी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. म्हणजे संपूर्ण सत्रात फार तर ८२ तास गैरहजर राहता येते. हे चार आठवडेही भरत नाहीत. पहिल्या सत्रातच पर्युषण, गणपती, दसरा आणि दिवाळीची गिऱ्हाइकी येते. दुकानाच्या हंगामासाठी मुलाला महिनाभर घरी ठेवले, तर आजारपणासाठी किंवा घरच्या कार्यासाठी एकही दिवस हाती उरत नाही.

शिवाय गुणांचा काही वाटा अंतर्गत मूल्यमापनाचा असतो. वर्गचाचणी, प्रकल्प, सादरीकरण यांचे गुण वर्गात उपस्थित असलेल्यालाच मिळतात. मार्गदर्शिका पाठ करून ते भरून निघत नाहीत. पहिले वर्ष पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय नव्या धोरणात आहे आणि पुन्हा परतण्याचीही आहे. तिच्यासाठी अतिरिक्त चार श्रेयांकांचे कौशल्यशिक्षण पूर्ण करावे लागते. ही सोय खरोखर अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे. सुरुवातीपासूनच तिच्यावर डोळा ठेवू नये.

दुकानातले शिक्षण आणि वर्गातले शिक्षण

"धंदा पुस्तकातून येत नाही," असे आपली माणसे म्हणतात, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचणे, उधारी कुणाला द्यावी आणि कुणाला देऊ नये हे ओळखणे, शब्द पाळणे, हे गल्ल्यावर बसूनच कळते. तथापि जे वर्गात कळते ते दुकानात कळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

बँकेतील माझ्या सेवाकाळात कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी येणारे अनेक तरुण व्यापारी मी पाहिले. वडील आजारी पडल्यामुळे किंवा निवर्तल्यामुळे कारभार अचानक त्यांच्या अंगावर आलेला असे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाती वाणिज्य शाखेची पदवी होती. पण आपल्याच पेढीचा ताळेबंद समोर ठेवला की त्यांची नजर हिशेबनिसाकडे वळे. नफा दिसतो आहे, मग खात्यात पैसा का नाही? माल भरपूर आहे, मग उचल मर्यादा का घटली? या प्रश्नांची उत्तरे प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या लेखाशास्त्रात दिलेली असतात. रोजमेळ आणि खतावणी घरात पाहिलेल्या मुलाला तो विषय इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. तो वर्गात नसतो, म्हणून समजत नाही. पुढे ज्याच्या हाती सही करण्याचा अधिकार येणार आहे, त्याने दुसऱ्याच्या भरवशावर सही करावी, यासारखी जोखीम धंद्यात दुसरी नाही.

कर्मवीरांनी काय साधले?

मग मुलांनी दुकानाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण होते. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले. अस्पृश्यतेच्या रूढीपुढे मान तुकवण्यास नकार दिल्यामुळे त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. त्यांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले. पुढे ओगल्यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल खपवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. म्हणजे विक्रेत्याचे जिणे त्यांना पुरते ठाऊक होते. याच गृहस्थांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि १९४७ साली तेथेच महाविद्यालय सुरू केले. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय याच वृक्षाची फांदी आहे.

'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना सर्वांना माहीत आहे. तिच्यातील एक बारकावा मात्र लक्षात घेतला जात नाही. त्या योजनेत श्रमाचे तास ठरलेले होते आणि श्रम शिक्षणासाठी होते. आपल्या घरांत बहुधा याच्या उलट घडते. काम अमर्याद असते आणि उरल्यासुरल्या वेळात शिक्षण. कर्मवीरांचा क्रम आपण स्वीकारला, तर दुकान आणि महाविद्यालय एकमेकांच्या आड येणार नाहीत. वाणिज्य शाखेचे वर्ग पुष्कळ ठिकाणी सकाळी भरतात. सकाळ वर्गाची, दुपार अभ्यासाची, संध्याकाळचे दोन तास दुकानाचे आणि रविवार हवा तर पूर्ण दुकानाचा, असे वेळापत्रक वडील आणि मुलगा यांनी समोरासमोर बसून ठरवावे. एकदा ठरले की गिऱ्हाइकी वाढली म्हणून वडिलांनी ते मोडू नये, आणि मित्र बोलावतात म्हणून मुलानेही मोडू नये.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या सत्रातच हे करा

पहिल्या पंधरवड्यात ग्रंथालयाचे ओळखपत्र करून घ्या आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. काय शिकायचे आहे हे ठाऊक असले की शिकवलेले लवकर उमजते. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी व्याख्याने सुरुवातीला जड जातात. रोज वीस संज्ञांचा मराठी अर्थ लिहून काढण्याचा परिपाठ ठेवला तर दिवाळीपर्यंत ही अडचण बरीच दूर होते. शंका असल्यास प्राध्यापकांना तास संपल्यावर नम्रपणे भेटा. विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यांना कौतुकच वाटते.

नव्या धोरणानुसार एक खुला विषय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावा लागतो. 'सोपा कोणता?' एवढेच विचारून तो निवडू नका. कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाला रंगांचे रसायनशास्त्र किंवा सराफाच्या मुलीला कलेचा इतिहास पुढे अनपेक्षित रीतीने उपयोगी पडू शकतो.

सनदी लेखापाल होण्याची इच्छा असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची असून ती इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावरच सुरू होते. त्यामुळे प्रथम वर्षात 'सीए करतो आहे' या सबबीवर वर्ग बुडवण्याचे कारण नाही. दोन्हीकडचा लेखाशास्त्र आणि कायद्याचा पाया बराचसा एकच आहे.

घर सोडून जाणाऱ्यांपुढे आहाराचा प्रश्न असतो. चौविहार किंवा कंदमूळ-त्याग पाळणाऱ्यांनी मेसची व्यवस्था प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावी. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयासारख्या संस्थांची वसतिगृहे मुंबई, पुणे आदी ठिकाणी याच हेतूने उभी आहेत. पर्युषणाच्या तिथी पंचांगात आधीच कळतात. त्या काळात चाचणी येत असल्यास प्राध्यापकांशी महिनाभर अगोदर बोलावे, आदल्या दिवशी नव्हे.

रॅगिंगचा त्रास झाल्यास गप्प बसू नका. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मन फारच खचले तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. त्यात कमीपणा मानू नये.

पैशाच्या बाबतीत दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना बँक खात्याविषयी. "तुझे खाते काही दिवस वापरू दे, कमिशन देतो," असे म्हणणारे लोक महाविद्यालयीन तरुणांना गाठतात. अशा खात्यांतून सायबर फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. खाते गोठवले जाते आणि पोलिसांची चौकशी खातेदाराच्या दारी येते. डेबिट कार्ड, सिम कार्ड, पासबुक किंवा ओटीपी जिवलग मित्रालाही देऊ नये. स्वतःची फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

दुसरी सूचना शेअर बाजाराविषयी. आपल्या मुलांना बाजाराचे आकर्षण लवकर वाटते, आणि गुंतवणूक शिकणे चांगलेच आहे. परंतु वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार म्हणजे गुंतवणूक नव्हे. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक सौदेकरांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. फीसाठी दिलेल्या रकमेतून मोबाइलवर सौदे करणाऱ्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी हा आकडा एकत्र बसून वाचावा.

पालकांना विनंती

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सर्वांनी पाहिला आहे. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद या जैन दलालाने दोन लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. सौदे करणाऱ्या माणसाने आईचे नाव ठेवायला विद्यापीठ निवडले, यातच विद्येविषयीचा त्याचा आदर दिसतो.

त्या मातेच्या नावाखाली उभ्या असलेल्या विद्यापीठात आपल्या मुलीही शिकणार आहेत. त्यांचे शिक्षण म्हणजे स्थळ येईपर्यंतचा विसावा, असे मानू नये. मुलाला जितके तास अभ्यासासाठी मोकळे ठेवाल, तितकेच मुलीलाही स्वयंपाकघरातून मोकळे ठेवा. आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस एखादा मुलगा म्हणाला, "पप्पा, मला दुकान नको, मला हे शिकायचे आहे," तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी त्याचे पूर्ण ऐकून घ्या. आपण दोन पिढ्यांपूर्वी गाव सोडून पनवेलला आलो, तेव्हा आपल्या आजोबांनीही कुणाचा तरी विरोध सोसलाच होता. दुकान चालवायला माणूस मिळतो, पण मुलाच्या आयुष्याची ही तीन-चार वर्षे कोणत्याही बाजारात पुन्हा मिळत नाहीत.

तेव्हा या आठवड्यातच महाविद्यालयाचे वेळापत्रक मागून घ्या आणि ते दुकानात, गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर लावा. त्या तासांना मुलाला हाक मारायची नाही, एवढा नियम घरातील सर्वांनी वर्षभर पाळला, तर प्रवेशाचे पेढे सार्थकी लागतील.

सर्व नवागत विद्यार्थ्यांना हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र.