बूम हातात येण्याआधी

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात बारावी झालेल्या पोराला व्हिडिओ काढायला कुणी शिकवावं लागत नाही. पोळ्याची मिरवणूक, सप्त्यातलं कीर्तन, ग्रामसभेतली हमरीतुमरी असं सगळं मोबाइलवर टिपून, मागं गाणं लावून तासाभरात इन्स्टाग्रामवर टाकलेलं असतं. मग प्रसारण आणि डिजिटल संवादाच्या पदवीसाठी छत्रपती संभाजीनगरला तीन वर्षं खोली करून कशाला राहायचं, हा घरच्यांचा प्रश्न रास्तच आहे.

पहिलं उत्तर कानाशी आहे. नव्या विद्यार्थ्याच्या चित्रीकरणात चित्र बहुतेक बरं असतं, आवाज मात्र वाया गेलेला असतो. बसस्थानकावर मोबाइल हातभर अंतरावर धरून घेतलेल्या बाइटमध्ये (मुलाखतीच्या तुकड्यात) बोलणाऱ्यापेक्षा एसटीचं इंजिन जास्त बोलतं. कॉलर माइक कुठं लावायचा, वाऱ्याला आडोसा कसा द्यायचा, आणि मुलाखत संपल्यावर त्या जागेचा नुसता आवाज अर्धं मिनिट का टिपून ठेवायचा, हे वर्गातल्या व्याख्यानापेक्षा रेकॉर्डिंगच्या खोलीत कळतं. (ते अर्धं मिनिट संकलनात दोन वाक्यांमधला सांधा झाकायला लागतं.) मग येतं लिहिणं. मिनिटभराच्या निवेदनात साधारण सव्वाशे शब्द मावतात. ग्रामसभेचा दोन तासांचा गोंधळ तेवढ्यात बसवायचा, म्हणजे काय गाळायचं ते आधी ठरवावं लागतं.

उच्चारांचा तास मराठवाड्यातल्या पोरांना जरा जड जातो. ‘पानी’चं ‘पाणी’ करून घेतलं जातं. बातमीपत्रासाठी ते ठीकच. पण बोलीच पुसून टाकायची सक्ती कुणी करत असेल, तर तो शिक्षक दहा वर्षं मागं आहे. साताऱ्याकडची ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ या वेब मालिका गावच्या बोलीवरच चालल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ या यूट्यूब चॅनेलवर घरच्यासारखं बोलत स्वयंपाक दाखवतात, आणि लोक पाहतात.

डिजिटल माध्यमाचं वेगळेपण सांगताना ‘दुहेरी संवाद’ हा शब्द हमखास येतो, जणू तो मोबाइलबरोबरच जन्मला. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, दीडशे गावांत रेडिओ ग्राममंडळं उभी केली होती. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम लागायचा. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, नंतर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. त्याचं मूल्यमापन टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होतं. बीड जिल्हा त्यात नव्हता, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तीच कल्पना पुढे सामुदायिक रेडिओने उचलली. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळू लागला, आणि २००८ साली साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली.

म्हणूनच प्रवेश घेताना इमारतीपेक्षा महाविद्यालयाचं रेडिओ केंद्र बघावं. पुणे विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ आहे, संभाजीनगरात ‘रेडिओ एमजीएम’ आहे. महाविद्यालयाला स्वतःचं केंद्र असेल तर पहिल्या वर्षाच्या मुलाला माइकसमोर बसू देतात का, की ते फक्त पाहुण्यांना दाखवायला आहे, हे तिथल्याच जुन्या विद्यार्थ्यांना विचारावं. पदवीची नावं ठिकठिकाणी वेगळी आहेत. मुंबई विद्यापीठाने २०००च्या सुमारास ‘बीएमएम’ सुरू केली, तिचंच पुढे ‘बीएएमएमसी’ झालं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स.

रीलवाल्याला कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे कायदा. अत्याचार झालेल्या मुलीचा चेहरा धूसर केला म्हणजे झालं, असा अनेकांचा समज असतो. पण गावाचं नाव, घराचं दार आणि बापाची मुलाखत दाखवली की अख्ख्या पंचक्रोशीला ती कोण ते कळतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ केवळ नाव छापण्यापुरतं नाही, ओळख उघड होईल अशा कुठल्याही तपशिलाला लागू आहे. पीडिता अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ आहेच.

आणि काही गोष्टी कायद्यातही नसतात. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघतात, तेव्हा बातमीसाठी ‘उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली?’ हा प्रश्न ठरलेला. शेजारी ती उचल देणारा मुकादम उभा असेल तर त्याचं उत्तर कॅमेऱ्यापुढे येत नाही, आलं तरी त्या मजूर जोडप्याला हंगामभर महागात पडू शकतं. कॅमेरा बंद करून, मुकादमापासून दूर, आधी त्या जोडप्यातल्या बायकोशी बोलायचं. तिच्या होकाराशिवाय चेहरा दाखवायचा नाही. चांगला शिक्षक यावर एक अख्खा तास घालवतो, आणि तिथंच घरच्यांनी भरलेल्या फीचे पैसे वसूल होतात.

नोकरीचं चित्र गुलाबी नाही. वाहिनीचा बूम (माइक) घेऊन तालुक्यात फिरणारा स्ट्रिंगर बहुतेकदा पगारावर नसतो, त्याला बातमीमागे पैसे मिळतात. संकलन आणि ध्वनिमुद्रण येणाऱ्याला मात्र लग्नाच्या व्हिडिओपासून राजकीय प्रचारापर्यंत कामं मिळतात. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांची निवड आवाज चाचणी घेऊन होते, तिथं पदवी लागते, आणि चकलांब्याच्या उमेदवाराला जवळचं केंद्र बीडला आहे.