सारख्या ठोक्यांचे दोन प्रोसेसर

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं कित्येक पालक आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात. मुलासाठीं अथवा मुलीसाठीं संगणक घ्यावयाचा आहे. नव्याची ऐपत नाहीं, म्हणून जुनाच पाहत आहों. दुकानांत दोन यंत्रें दाखविलीं, एकावर २.८ गिगाहर्ट्झ लिहिलें आहे, दुसऱ्यावर ३.१, तेव्हां दुसरेंच घ्यावें ना? कांद्याचे किंवा दुधाचे पैसे गांठीस बांधून संगमनेर, श्रीरामपूर, पाथर्डी अथवा खुद्द नगर शहराच्या बाजारांत जाणाऱ्या गृहस्थास हा प्रश्न लहान नसतो. ती रक्कम भलत्या यंत्रावर गेली तर पुढल्या वर्षीं पुन्हां उभी राहतेच असें नाहीं. म्हणून त्या एका आंकड्याची खरी किंमत काय, हें समजावून सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. त्याकरितां आजचीं यंत्रें घटकाभर बाजूस ठेवून १९९८ सालच्या दोन स्वस्त प्रोसेसरांची तुलना आम्ही वाचकांपुढें मांडतों. दोघांवरचा आंकडा एकच होता, दोघांचा कर्ताही एकच होता, आणि तरीही दोघांच्या कामांत मोठें अंतर होतें. इतकें स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

संगणकाच्या पोटांतील जो लहानसा सिलिकॉनचा तुकडा सर्व आज्ञा पार पाडतो, त्यास प्रोसेसर म्हणतात. बेरीज करणें, दोन संख्यांत मोठी कोणती तें ठरविणें, एका जागचा मजकूर उचलून दुसऱ्या जागीं ठेवणें, अशीं अगदीं साधीं कामें तो करतो. मात्र तीं विलक्षण त्वरेनें करतो. लेझमीच्या खेळांत हलगीच्या ठोक्यावर जशीं पावलें पडतात, तशीं त्याचीं सर्व कामें विजेच्या एका घड्याळाच्या ठोक्यावर होतात. एका सेकंदांत दहा लक्ष ठोके पडले म्हणजे एक मेगाहर्ट्झ झाला; शंभर कोटि पडले म्हणजे एक गिगाहर्ट्झ. दुकानदार जो आंकडा सांगतो तो या ठोक्यांचा. परंतु ठोका पडला म्हणजे काम झालेंच, असें मात्र नाहीं. हलगी कितीही जलद वाजो, खेळणाऱ्याच्या हातीं लेझीमच पोंचली नसेल तर तो उभाच राहणार.

आतां ते दोघे कोण, तें सांगतों. अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें १९९८ सालच्या एप्रिल महिन्यांत 'सेलेरॉन' या नांवानें स्वस्त प्रोसेसरांची नवी मालिका काढली. पहिला २६६ मेगाहर्ट्झचा होता. जूनमध्यें ३०० मेगाहर्ट्झचा आला. आमच्या तुलनेंतील पहिला गडी तो हा. दुसरा त्याच वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं आला. त्याचेही ठोके ३०० मेगाहर्ट्झच. म्हणून ओळखीपुरतें आंकड्यापुढें इंग्रजी 'ए' हें अक्षर जोडून त्यास सेलेरॉन ३००-ए म्हणूं लागले. दोघांची मूळ रचना पेंटियम टू या महाग प्रोसेसराची. स्मृतीकडे जाणारा दोघांचा रस्ताही ६६ मेगाहर्ट्झचाच. फरक एवढाच कीं, पहिल्यांत ७५ लक्ष ट्रान्झिस्टर होते आणि दुसऱ्यांत १ कोटि ९० लक्ष. हे वाढलेले ट्रान्झिस्टर मुख्यत्वें एकाच गोष्टीसाठीं खर्ची पडले होते. ती गोष्ट म्हणजे त्याच तुकड्यावर कोरलेली १२८ किलोबाइटांची एक लहानशी कोठी.

या कोठीस कॅश म्हणतात. रोख पैशाच्या कॅशशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द आलेला आहे, आणि त्याचें स्पेलिंगही निराळें आहे. तिचें काम समजून घेण्यास आमच्या जिल्ह्यांतील मुलांस फार लांब जावयास नको. प्रवरानगर येथें १९५० सालीं सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें, आणि पुढें असे कारखाने जिल्ह्यांत ठिकठिकाणीं उभे राहिले. त्यांच्या रस्त्यावर ऊस भरलेल्या गाड्यांची रांग पाहिली नाहीं असा विद्यार्थी आमच्या वर्गांत क्वचितच सांपडेल. कारखान्याचे रूळ किती वेगानें फिरतात, हा झाला ठोक्यांचा हिशेब. पण रुळांखालीं जाणारा ऊस कोठून येतो? मूळ सांठा शिवारांत, कित्येक कोसांवर. तेथून निघालेल्या गाड्या कारखान्याच्या आवारांत येऊन उभ्या राहतात, आणि आवारांतून मोळ्या गव्हाणींत पडतात. गव्हाण रुळांस लागून असते, पण तींत मावणारा ऊस थोडा. आवार जरा दूर, पण तेथें पुष्कळ गाड्या मावतात. शिवार फारच दूर, मात्र तेथें ऊसच ऊस.

प्रोसेसराचें अगदीं असेंच आहे. गव्हाण म्हणजे पहिल्या पायरीची कॅश. ती आमच्या दोन्ही गड्यांत ३२ किलोबाइटांची होती. शिवार म्हणजे संगणकाची मुख्य स्मृति, जिला सर्व लोक रॅम म्हणतात. आणि आवार म्हणजे दुसऱ्या पायरीची कॅश. पहिल्या सेलेरॉनला हें आवारच नव्हतें! गव्हाणींतला ऊस संपला कीं शिवारांतून गाडी येईपर्यंत त्याचे रूळ रिकामे फिरत. ३००-ए या दुसऱ्या गड्यास तें आवार मिळालें.

रूळ किती वेळ रिकामे फिरत? स्मृतीकडील रस्त्याचा एक ठोका म्हणजे प्रोसेसराचे साडेचार ठोके. आणि मजकूर आणावयास रस्त्याचा एक ठोका पुरत नसे, अनेक लागत. तेव्हां प्रत्येक खेपेस प्रोसेसराचे चाळीस ठोके खर्च झाले असें विद्यार्थ्यांनीं समजुतीपुरतें धरावें आणि कागदावर हिशेब करून पाहावा. समजा, १०० वेळां मजकूर लागला. त्यांपैकीं ९५ वेळां तो गव्हाणींतच मिळाला, दर वेळीं १ ठोका. ५ वेळां शिवारांत जावें लागलें, दर वेळीं ४० ठोके. एकूण ९५ अधिक २००, म्हणजे २९५ ठोके. आतां मध्यें आवार घाला. त्या पांचांपैकीं ४ वेळां मजकूर आवारांत मिळाला, दर वेळीं १० ठोके. शिवारांत एकदांच जाणें झालें. म्हणजे ९५ अधिक ४० अधिक ४०, एकूण १७५. शंभरांत केवळ चार लांबच्या खेपा टळल्या, आणि १२० ठोके वांचले. हे आंकडे आम्हीं सोयीसाठीं कल्पिलेले आहेत, प्रत्यक्ष कामांत ते बदलतात. परंतु शंभरांतील ज्या पांच खेपा क्षुल्लक वाटतात त्याच बहुतेक वेळ खाऊन टाकतात, हें खरें आहे.

याच कारणामुळें पहिल्या सेलेरॉनची गति कामागणिक बदले. ज्या खेळांत तींच तीं गणितें पुनःपुन्हां करावयाचीं असत, तेथें तो बरा चाले. लेखन, हिशेबाचे तक्ते अशा कचेरीच्या कामांत मजकूर कधीं इकडचा तर कधीं तिकडचा लागतो. तेथें तो अडखळे. आणि घरोघर संगणक घेतात ते बहुधा याच कामांसाठीं!

असा आवाराविना कारखाना इंटेलसारख्या मातबर कंपनीनें काढलाच कां, असें कोणी विचारील. त्या सुमारास अमेरिकेंत हजार डॉलरांच्या आंतील संगणकांस मागणी वाढली होती, आणि त्या बाजारांत एएमडी ही प्रतिस्पर्धी कंपनी आपल्या के-६ या प्रोसेसरासह पुढें सरकत होती. येथें एक गोष्ट महाराष्ट्रीय वाचकांस कौतुकाची वाटेल. पुण्यास १९५० सालीं जन्मलेले विनोद धाम हे इंटेलमध्यें पेंटियमच्या निर्मितीचे एक प्रमुख होते. पुढें इंटेल सोडून ते नेक्सजेन नांवाच्या लहान कंपनींत गेले. ती कंपनी एएमडीनें विकत घेतली. आणि तिच्याच रचनेंतून १९९७ सालीं के-६ बाहेर पडला. आमच्या नगरास ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ शेवटीं विजापूरच्या तटावर जाऊन बसली, तशांतलाच हा प्रकार. असो. के-६ला तोंड देतांना किंमत उतरविणें इंटेलला भाग होतें, आणि पेंटियम टूमधून काढून टाकतां येण्याजोगी सर्वांत खर्चाची वस्तु म्हणजे दुसऱ्या पायरीची कॅश. ती काढली, किंमत उतरली, पण जाणत्यांनीं मालास नांवें ठेविलीं. एप्रिलनंतर चारच महिन्यांनीं ३००-ए बाजारांत आला.

हा दुसरा गडी आपल्या महाग भावाशीं ताडून पाहिला म्हणजे आणखी गंमत दिसते. पेंटियम टूमध्यें दुसऱ्या पायरीची कॅश ५१२ किलोबाइटांची, म्हणजे चौपट होती. परंतु ती प्रोसेसराच्या तुकड्यावर नसून शेजारच्या निराळ्या चिपांवर बसविलेली होती, आणि प्रोसेसराच्या निम्म्या वेगानें चाले. आवार मोठें, पण रस्त्यापलीकडे! ३००-एचें आवार लहान, पण गव्हाणीस लागून आणि पूर्ण वेगाचें. त्यामुळें पुष्कळशा नेहमींच्या कामांत हा स्वस्त प्रोसेसर सारख्या ठोक्यांच्या पेंटियम टूच्या जवळ जवळ बरोबरीनें चाले. त्याची घाऊक किंमत १४९ डॉलर होती. त्याच दिवशीं निघालेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूची किंमत होती ६६९ डॉलर. हौशी लोकांच्या हें लक्षांत येण्यास वेळ लागला नाहीं. ३०० हा आंकडा रस्त्याच्या ६६ आणि दोन तृतीयांश ठोक्यांस साडेचारांनीं गुणून येतो. तो रस्ता १०० मेगाहर्ट्झचा केला कीं तोच गुणाकार ४५० होतो. बरेचसे ३००-ए हा भार सहन करीत, आणि १४९ डॉलरांचा माल ६६९ डॉलरांच्या मालाशेजारीं जाऊन बसे. आम्ही हा मार्ग कोणास सुचवीत नाहीं. त्यांत उष्णता वाढते, हमी जाते, आणि प्रत्येक तुकडा टिकेलच असा भरंवसा नसतो. पण मोल आणि गुण यांचा मेळ छापील आंकड्यापासून किती दूर असूं शकतो, हें त्यावरून दिसतें.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे वळूं. बुरूज बांधूं पाहणारानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा शुभवर्तमानांतील दाखला आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. संगणक घेणारासही तो लागू आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि त्यामुळें जीं यंत्रें पुढील विंडोज ११ स्वीकारीत नाहींत तीं मालकांस नकोशीं झालीं. जुन्या मालाच्या खरेदींत ही गोष्ट डोळ्यांआड करून चालत नाहीं. २.८ आणि ३.१ हे दोन आंकडे आम्हीं सहज घेतले नव्हते. ३.१ गिगाहर्ट्झचा इंटेल आय-५ २४०० हा प्रोसेसर २०११ सालचा. त्यांत चार गाभे, म्हणजे एकाच तुकड्यावर काम करणारे चार प्रोसेसर, आणि सर्वांत मिळून ६ मेगाबाइट तिसऱ्या पायरीची कॅश. २.८ गिगाहर्ट्झचा आय-५ ८४०० हा २०१७ सालचा. त्यांत सहा गाभे आणि ९ मेगाबाइट कॅश. पहिला ९५ वॅटांच्या मर्यादेचा, दुसरा ६५ वॅटांच्या. शिवाय छापलेला आंकडा हा पायाचा वेग असतो. गरज पडेल तेव्हां पहिला ३.४ पर्यंत चढतो, दुसरा ४ पर्यंत. विंडोज ११ दुसऱ्यास स्वीकारते, पहिल्यास नाहीं. दोघांवरही 'आय-५' हीच चिठ्ठी लाविलेली असते, आणि ठोक्यांचा आंकडा पाहून निवडणारा गृहस्थ नेमका मागें पडलेला माल घरीं आणतो.

याचा अर्थ आय-५ २४०० टाकाऊ आहे असा नव्हे. तो खरोखर स्वस्तांत मिळत असेल, त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून देणारा कोणी जवळ असेल, आणि मुलास लेखन, गणित व प्रोग्रामिंगचे पहिले धडे एवढेंच करावयाचें असेल, तर तो अजून कांहीं वर्षें इमानानें काम देईल. मात्र रॅम ८ गिगाबाइट असावी, आणि फिरत्या तबकडीच्या जागीं एसएसडी बसवून घ्यावी. जुन्या यंत्रांत या एका बदलानें जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेंही पडत नाहीं, असें आमचें मत आहे. पण त्याच्यासाठीं आय-५ ८४००च्या जवळपास दाम मागितला जात असेल, तर मुकाट्यानें उठून यावें.

हें ओळखावें कसें? 'आय-५' या अक्षरांपुढील आंकड्याकडे पाहावें: २४०० मधील २ म्हणजे दुसरी पिढी, ८४०० मधील ८ म्हणजे आठवी, पांच आंकडे असतील तर पहिले दोन घ्यावे. चिठ्ठीवर विसंबूं नये. दुकानांत यंत्र सुरू करावयास सांगावें, आणि विंडोज असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील परफॉर्मन्स या भागीं प्रोसेसराचें पुरें नांव, पायाचा वेग, गाभ्यांची संख्या आणि तिन्ही पायऱ्यांची कॅश एका ठिकाणीं वाचावयास मिळते. मुलास बरोबर न्यावें आणि त्यालाच तें वाचून कागदावर उतरवूं द्यावें. दुकानदार यंत्र सुरू करून दाखविण्यास का कूं करीत असेल, तर शेजारचें दुकान पाहावें.